‘प्रीपोन’ म्हणजे नक्की कोणता वार?

आधी एक छोटी टेस्ट. घाबरू नका, मार्क नाहीत. समजा, येत्या बुधवारी तुमची व्हायवा आहे. ग्रुपवर मेसेज पडतो, ‘व्हायवा दोन दिवस पुढे आणली आहे.’ आता व्हायवा कोणत्या वारी? मनातल्या मनात उत्तर ठरवा आणि मग शेजारी बसलेल्याला विचारा.

मी हा प्रश्न आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये विचारला. बहुतेकांनी शुक्रवार सांगितला. दोघं मात्र सोमवारवर अडून बसले, आणि चहा गार होईपर्यंत वाद चालला. तुमच्या कट्ट्यावरही करून बघा, वडापावचे पैसे कोण देणार हे ठरवायला चांगला उपाय आहे.

पण मला हा प्रश्न गंमत म्हणून पडलेला नाही. तो पडला एका इंग्रजी शब्दामुळे. आपल्याकडे तो रोज कानावर पडतो, पण लंडन-न्यूयॉर्कच्या माणसाला विचाराल तर त्याने बहुधा कधी ऐकलेलाही नसतो. तो शब्द म्हणजे प्रीपोन.

गोष्ट माझ्या टीवायची. सहावं सेमिस्टर, प्रोजेक्टची व्हायवा बुधवारी होती. शनिवारी संध्याकाळी डिपार्टमेंटच्या बोर्डवर नोटीस लागली की व्हायवा दोन दिवसांनी प्रीपोन केली आहे. एक्सटर्नलना बुधवारी जमणार नव्हतं, म्हणून सोमवार. मी वर्गाची सीआर. बस पकडायची घाई होती. जिना उतरता उतरता ग्रुपवर इंग्रजीत टाइप केलं, ‘व्हायवा प्रीपोन्ड बाय टू डेज’, आणि पाठवून दिलं. खाली पटापट अंगठे आले. विषय संपला.

फोनने काय केलं होतं ते मी पाहिलंच नाही. त्याला ‘प्रीपोन्ड’ हा शब्द माहीत नव्हता. त्याने आपल्या बुद्धीने तो सुधारून ‘पोस्टपोन्ड’ केला होता.

हॉस्टेलवरच्या मुलांनी आणि शहरातल्यांनी बोर्ड स्वतः पाहिला होता, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. एकच मुलगी गावी होती, आटपाडीकडे, बहिणीच्या साखरपुड्याला. माझी जवळची मैत्रीण. तिने मेसेज वाचला, बुधवारात दोन दिवस मिळवले, शुक्रवार आला. चला, दोन दिवस जास्तीचे मिळाले म्हणून ती खूश.

सोमवारी अकरा वाजता हजेरी घेतली तेव्हा तिचं नाव आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बाहेर येऊन फोन लावला.

‘‘अगं, कुठेयस तू?’’

‘‘शेतावर. का गं?’’

तिथून कॉलेजपर्यंत एसटीने पाच-सहा तास. एक्सटर्नल तीन वाजता निघून गेले. तिने अर्ज केला, माझ्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडला. उत्तर मिळालं की ग्रुपवरचा मेसेज अधिकृत नसतो, बोर्डवरची नोटीस अधिकृत असते. नियमाने ते बरोबरच होतं. तिची व्हायवा पुढच्या बॅचबरोबर ऑक्टोबरमध्ये झाली, निकाल तोपर्यंत राखीव, आणि एमएच्या प्रवेशाची तारीख मधल्या मध्ये निघून गेली. वर्षभर ती घरच्या दुकानात बसली. माझ्यावर ती एकदाही ओरडली नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटायचं.

मग दोन आठवड्यांपूर्वी इथे, म्हणजे डेस्कवर, मी एक छोटी बातमी लिहिली. एक परीक्षा ठरल्यापेक्षा आधी होणार होती. मी लिहिलं, ‘परीक्षा प्रीपोन’. डेस्कवरच्या सरांनी लाल पेनाने शब्दावर काट मारली. ‘‘अगं, असा शब्दच नाहीये इंग्रजीत. आपल्याच लोकांनी बनवलाय.’’

म्हणजे बघा, वर्षभर मी फोनला शिव्या घालत होते, आणि आता कळतंय की चूक शब्दाचीच होती? माझ्या मैत्रिणीचं वर्ष अस्तित्वातच नसलेल्या शब्दापायी गेलं? हे काही पचेना. त्या रात्री घरी जाऊन शोधायला बसले.

पहिलीच गोष्ट सापडली ती अशी की शब्द आहे. ऑक्सफर्डच्या कोशात आहे, केंब्रिजच्याही आहे. फक्त त्याच्यापुढे पाटी असते, भारतीय इंग्रजी. म्हणजे सरांचं अर्धं बरोबर. आपला आहे, पण म्हणून नाही असं नाही.

आता शब्दाचं पोट उघडून बघू. पोस्टपोन आधी घ्या, तो ओळखीचा आहे. लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे आणि ‘पोस्ट’ म्हणजे नंतर. नंतर ठेवणे, झालं पोस्टपोन. याच ‘पोनेरे’च्या घरातली किती माणसं तुम्ही रोज भेटता बघा. पोझिशन म्हणजे ठेवलेली जागा. डिपॉझिट म्हणजे खाली ठेवलेलं, मेसचं असो की लायब्ररीचं. ऑपोनंट म्हणजे समोर उभा ठाकलेला. काँपोनंट म्हणजे बाकीच्यांसोबत ठेवलेला भाग. लॅटिनमध्ये ‘पोस्टपोनेरे’चा आणखी एक अर्थ होता, कमी महत्त्वाचं मानणे. आपण असाइनमेंट पोस्टपोन करतो तेव्हा नेमकं हेच करतो.

मग ‘पोस्ट’च्या जागी ‘प्री’ घातलं की आधी ठेवणे, प्रीपोन. प्रीपेड आणि पोस्टपेड सिम वापरणाऱ्या पिढीला हे समजावून सांगायची गरजच नाही. आणि ही जोडणी आपल्याकडच्या कुणी अडाणीपणाने केली असंही म्हणता येणार नाही, कारण लॅटिनमध्ये ‘प्रेपोनेरे’ हे क्रियापद होतंच. पुढे ठेवणे, वरच्या जागी नेमणे असा त्याचा अर्थ. त्याच्यापासून आलेला एक शब्द तुम्ही पाचवीपासून पाठ केलाय, प्रीपोझिशन. नामाच्या आधी ठेवलेला शब्द. म्हणजे जी बाई इंग्रजीच्या तासाला प्रीपोन म्हटल्यावर ओरडते, ती त्याच तासाला त्याचा सख्खा भाऊ फळ्यावर लिहीत असते!

अतिहुशार मित्र इथे एक हरकत घेऊ शकतो. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ची जोडी ‘आन्ते’शी लागते. घड्याळातले एएम आणि पीएम म्हणजे ‘आन्ते मेरिदिएम’ आणि ‘पोस्ट मेरिदिएम’. तर मग शब्द अँटिपोन व्हायला हवा होता. हरकत मान्य. स्पॅनिशमध्ये ‘आन्तेपोनेर’ आहेही, फक्त त्याचा अर्थ वेळेपेक्षा महत्त्वाकडे जास्त झुकतो, एखादी गोष्ट दुसरीच्या आधी मानणे. पण ‘परीक्षा अँटिपोन झाली’ असं कुणी मला सांगितलं असतं तर मी तडक मेडिकलमध्ये जाऊन गोळी मागितली असती.

शोधाचा पुढचा भाग जास्त मजेदार आहे. ‘हा शब्द मीच तयार केला’ असं बरीच वर्षं मानणारा एक माणूस तुमच्या माहितीचा आहे, शशी थरूर. 1972 साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकताना आपण हा शब्द काढला, बोलण्यात रुळवला आणि तेव्हाच्या ‘जेएस’ या तरुणांच्या नियतकालिकात वापरला, असं त्यांना वाटत होतं. पुढे ऑक्सफर्डच्या कोशाकडून त्यांना कळवण्यात आलं की शब्द त्याहून बराच जुना आहे. थरूर यांनी ते खुल्या मनाने मान्य केलं आणि लोकांना सांगूनही टाकलं.

किती जुना? 1913 मध्ये जॉन ट्रेनर नावाच्या एका गृहस्थाने न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहिलं होतं. त्याचं म्हणणं साधारण असं की हल्ली सगळीकडे घाईच घाई आहे, वकील मंडळी तर उठसूट पोस्टपोन करत असतात, तेव्हा त्या शब्दाला टक्कर द्यायला प्रीपोन हा नवा शब्द मी सुचवतो. वकिलांना तारखा अलीकडे घ्यायला सांगणारा माणूस! अर्थातच कुणी त्याचं ऐकलं नाही. आणि त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी, 1549 च्या सुमाराला, इंग्लंडमधल्या रॉबर्ट क्राउली या लेखक-मुद्रकाने हा शब्द वापरलेला सापडतो, पण ‘नजरेसमोर ठेवणे’ या अर्थाने. त्यात तारखेचा संबंध नाही.

म्हणजे एकच शब्द वेगवेगळ्या लोकांनी आपापला तयार केला. माझ्या मते ही त्याच्या बाजूची सर्वांत मोठी साक्ष आहे. पोस्टपोन कानावर पडलेल्या कुणालाही त्याची उलटी बाजू आपोआप सुचते. इंग्लंड-अमेरिकेत तो टिकला नाही आणि इथे टिकला, याचं कारण मला तरी सोपं वाटतं. आपल्याकडे वेळापत्रक दुसरंच कुणीतरी ठरवतं आणि तेच कुणीतरी ते हलवतं. तारखा दोन्ही बाजूंना सरकत असतील तर शब्दही दोन लागतात. असो, हा माझा अंदाज, यावर कुणी पीएचडी करायला हरकत नाही.

सरांच्या ‘लोकांनी बनवलाय’ला मला एक उत्तर मिळालंय, पण ते त्यांना तोंडावर सांगायची हिंमत झालेली नाही. इथे छापून आलं तर वाचतीलच. आपण बातमी एडिट करतो. हे एडिट क्रियापद कुठून आलं? भाषेत आधी एडिटर होता. मग लोकांनी त्याची शेपटी कापून, अठराव्या शतकाच्या शेवटी, एडिट असं क्रियापद केलं, असं बरेच कोशकार मानतात. टेलिव्हिजनवरून टेलिव्हाइज झालं तेही तसंच. डोनेशनवरून डोनेट झालं तेव्हा तर एकोणिसाव्या शतकातल्या भाषेच्या पहारेकऱ्यांनी नाकं मुरडली होती. आज रक्तदान शिबिराच्या बॅनरवर डोनेट वाचून कुणाचं रक्त उसळत नाही.

आता स्पेलिंग. इथे मात्र आपण सगळेच पाप करतो. पी, आर, ई, पी, ओ, एन, ई. शेवटी ‘ई’. भूतकाळ करताना त्याला फक्त ‘डी’ लावायचा आणि ‘आयएनजी’ लावताना तो ‘ई’ काढायचा, अगदी पोस्टपोनसारखं. ग्रुपवर दिसतं ते प्रीपॉन्ड, पुढे जाऊन प्रीपॉन्डेड. हे कसं होतं तेही कळतं. ‘पोस्टपोन्ड’ ऐकता ऐकता शेवटचा ‘ड’ मूळ शब्दातलाच वाटायला लागतो आणि मग त्याला पुन्हा एक ‘ईडी’ लागतो. गंमत म्हणजे ‘पॉन्ड’ घातलं की शब्द भलत्याच घरात शिरतो. लॅटिन ‘पोंदुस’ म्हणजे वजन. पाउंड त्यातून आला. लॉच्या मुलांना माहीत असलेला प्रीपॉन्डरन्स, म्हणजे कोणत्या बाजूच्या पुराव्याचं पारडं जड, तोही त्यातलाच. तेव्हा व्हायवा ‘प्रीपॉन्ड’ झाली असं लिहिणारा मुलगा, शब्दाच्या कुळाकडे पाहिलं तर, व्हायवाचं वजन वाढलं असंच म्हणतोय. परीक्षेच्या आदल्या रात्री तेही खोटं नसतं म्हणा.

स्पेलिंग बरोबर असलं तरी फोन आणि कॉम्प्युटर त्याखाली लाल रेघ मारू शकतात. माझ्या फोनच्या कीबोर्डची भाषा अमेरिकन इंग्रजी होती. आपोआप सुधारणा चालू असेल तर तो त्याला माहीत असलेला जवळचा शब्द घालतो, आणि इथे तो जवळचा शब्द नेमका उलट्या अर्थाचा आहे. मी आता प्रीपोन माझ्या फोनच्या शब्दयादीत घालून ठेवलाय. ऑफिसात लिफ्टमध्ये उभी राहून घातला, एका मिनिटाचं काम होतं.

‘मग सरळ शुद्ध इंग्रजी वापरा ना, ब्रिंग फॉरवर्ड किंवा मूव्ह फॉरवर्ड’ असं सांगणारे असतात. त्यांच्यासाठी सुरुवातीचा बुधवार पुन्हा काढते. तो प्रश्न माझा नाही. मानसशास्त्रात तो बराच प्रसिद्ध आहे. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, तर ती कधी, असं इंग्रजी बोलणाऱ्यांनाच विचारलं की जवळपास अर्धे सोमवार म्हणतात आणि अर्धे शुक्रवार. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅमस्कर या संशोधकांनी 2002 मध्ये याच प्रश्नावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी विमानतळावर लोकांना गाठून विचारलं. नुकतेच विमानातून उतरलेले लोक, कुणाला तरी घ्यायला येऊन थांबलेल्यांपेक्षा, शुक्रवार जास्त वेळा म्हणाले. जेवणाच्या रांगेतही तेच. रांगेत पुढे सरकलेला माणूस शुक्रवारकडे जास्त झुकतो.

त्यामागचा विचार असा. आपण काळातून पुढे चालत निघालोय असं वाटत असेल, तर ‘फॉरवर्ड’ म्हणजे आपल्या चालण्याच्या दिशेने, म्हणून शुक्रवार. आपण जागेवर उभे आहोत आणि दिवसच आपल्याकडे चालत येतायत असं वाटत असेल, तर ‘फॉरवर्ड’ म्हणजे आपल्या आणखी जवळ, म्हणून सोमवार. दोन्ही बरोबर. म्हणून तर भांडण मिटत नाही. एकाच भाषेचे, एकाच रांगेतले लोक दोन वेगवेगळे दिवस ऐकतात. प्रीपोनमध्ये ही सोय नाही. तो कसाही फिरवा, सोमवारच. ज्यांच्या घरची भाषा इंग्रजी त्यांना न सुटलेला गोंधळ आपल्या नोटीसबोर्डने एका शब्दात सोडवलाय, आणि आपण त्या शब्दाची लाज बाळगतो.

मराठीत तरी सगळं लख्ख आहे का? ‘पुढे ढकलली’ म्हटलं की शंका उरत नाही, कारण ढकललेली वस्तू आपल्यापासून लांबच जाते. ‘अलीकडे घेतली’ हेही स्वच्छ आहे. माझी आजी लग्नाच्या तारखेबद्दल हेच म्हणायची, आणि खरं तर बातमीतही मी तेच लिहायला हवं होतं, हे सरांना कबूल करते. पण ‘पुढे आणली’ म्हटलं की कँटीनमधला तो वाद सुरू होतो.

आणि ‘परवा’चं काय? ‘परवा भेटलो होतो’ आणि ‘परवा भेटू’. दोन दिवसांपूर्वीही परवा, दोन दिवसांनीही परवा. आज बुधवार असेल तर सोमवार पण परवा आणि शुक्रवार पण परवा! क्रियापद पूर्ण लिहिलं तर निभावतं. पण हल्ली पूर्ण वाक्य लिहितं कोण? ‘सबमिशन परवा’ एवढाच मेसेज टाकणारे सीआर मी पाहिलेत. मी स्वतः त्यातलीच एक होते.

तर शब्द वापरायचा की नाही? कॉलेजात, ऑफिसात, घरच्यांशी बोलताना बिनधास्त वापरा. परदेशी युनिव्हर्सिटीला मेल लिहीत असाल किंवा स्टेटमेंट ऑफ पर्पज करत असाल तर टाळा. शब्द चुकीचा आहे म्हणून नाही. समोरच्याला तो माहीत नसेल आणि विचारायची त्यालाही लाज वाटेल म्हणून. तिथे साधं लिहा की अमुक तारखेची गोष्ट आता अमुक तारखेला आहे. खरं तर ग्रुपवरही हेच लिहावं. ‘बुधवार 18 ची व्हायवा आता सोमवार 16 ला’. आधीचा वार, नवा वार, दोन्ही तारखा. एवढं लिहिलं की प्रीपोन, पोस्टपोन, फोन, कुणालाच काही करता येत नाही. त्या शनिवारी मला एवढं टाइप करायला पाच-दहा सेकंद जास्त लागले असते. बस मिळाली असतीच. नसती मिळाली तरी मागून दुसरी होती.

हा लेख देण्याआधी मी तो मैत्रिणीला पाठवला. ती आता एमएच्या पहिल्या वर्षाला आहे, आम्हा सगळ्यांच्या एक वर्ष मागे. तिचं नाव कुठे घातलेलं नाही, तरी विचारणं भाग होतं. तासाभराने रिप्लाय आला.

‘छान आहे. छाप. पण साखरपुड्यात मी हिरवी साडी नेसले होते आणि फोटो मस्त आलेत, हे पण लिही. कधी येणार छापून?’

मी लिहिलं, ‘परवा.’

पुढच्याच सेकंदाला तिचा फोन आला. ‘‘तारीख सांग.’’